फोटोत सरळ आलेली इमारत

पहाटे पाचला तिचा दिवस सुरू व्हायचा. उजाडल्यावर यंत्रं ढिगारे उपसायला लागली की चौकात धुळीशिवाय काही दिसायचं नाही. खांद्यावर कॅमेरा, काखेत तिवई, पायात भावाचे जुने बूट. भूकंपाने शहराचा मधला भाग मोडून ठेवला होता. उभ्या राहिलेल्या इमारतींचे फोटो काढायचं काम नगरपालिकेने तिला दिलं होतं. तिचा स्टुडिओ त्याच चौकात. त्याचं आता नुसतं शटर उभं होतं, मागे काही नाही.

अख्खा चौक तिला ‘हसू नका’ म्हणायचा. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या प्रत्येकाला ती हेच दटावायची. मान कललेली असली तर हनुवटीला बोट लावून सरळ करायची आणि मगच बटण दाबायची. जन्म त्यातच गेला होता.

इथे काम अंगमेहनतीचं होतं. ढिगाऱ्यावर तिवई रोवायची तर आधी विटा पायाने दाबून बघायच्या, हलणाऱ्या उपसून टाकायच्या. एकेका फोटोला घाम निघायचा. हुकूम असा, की एका इमारतीचा एक फोटो, शेजारचं काही दिसता कामा नये. तिने तसेच काढले.

एका संध्याकाळी दादा आला. तिचा थोरला भाऊ, गवंडी. तो आणि वहिनी कोपऱ्यावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. भूकंपापासून दोघं शाळेच्या वर्गात, इतर बेघरांबरोबर.

“चला, तुझ्या कृपेने घरी चाललो,” दादा म्हणाला.

“कुठल्या घरी?”

“आमच्याच. नगरपालिकेच्या साहेबांचा निरोप आला. इमारत राहण्यालायक आहे, सोमवारी वर्ग रिकामे करा. फोटो बघून ठरवलंय म्हणे. फोटो कुणी काढला?”

“मीच. मोठा तडा नाहीच तिला, दादा. मी काय खोटं दाखवलं?”

“तडा गेला खड्ड्यात! कललीय ती. भांडी आणायला वर गेलो होतो. जमिनीवर वाटी ठेवली तर घरंगळत मोरीत गेली.”

तिने आपल्याकडची त्या फोटोची प्रत बघितली. इमारत शहाण्या पोरासारखी ताठ उभी होती. मग तिच्या लक्षात आलं. भिंतीची कड चौकटीशी जुळेपर्यंत तिनेच कॅमेरा तिरका केला होता. हाताच्या सवयीने. शेजारची इमारत फोटोत असती तर लगेच कळलं असतं.

“बाई, तू इमारतीची मान सरळ केलीस,” दादा म्हणाला. “आता आमच्या माना मोडणार.”

तिच्या डोक्यात जाळ झाला. आधी स्वतःवर. मग त्या साहेबावर. कार्यालय त्याच चौकात. जिना उतरून कोपऱ्यापर्यंत चालायचं, एवढेच कष्ट होते. तेवढेही घेतले नव्हते.

सकाळी दादाने ढिगाऱ्यात बांबू रोवला आणि त्याला ओळंबा टांगला. गवंडी जिने भिंत सरळ आहे का बघतात, ती वजन बांधलेली दोरी. ती दोरी चौकटीत घेऊन तिने इमारतीचा नवा फोटो काढला. दोरी सरळ खाली, आणि इमारत तिच्यापासून दूर पळत होती.

साहेबांनी तो फोटो हातात घेतला नाही.

“पहिला मंजूर झालाय. आता दुसरा चालत नाही.”

“खिडकीतून मान बाहेर काढा, साहेब. फोटोही लागणार नाही.”

“चूक तुमची, आणि वर मलाच शिकवता?”

“चूक माझीच. म्हणून धावत आलेय. तुम्ही खुर्चीतून उठा, एवढंच म्हणतेय.”

“तुमची मजुरी निघालीय. ती घ्या आणि चालायला लागा.”

तिने मजुरी घेतली आणि तडक प्लास्टिकचे फलक छापणाऱ्याकडे गेली. ओळंब्याचा फोटो यंत्रात मावेल तेवढा मोठा छाप म्हणाली.

“कुणाचा वाढदिवस, मावशी?”

“कुणाचे दिवस भरू नयेत म्हणून करतेय. छाप.”

सोमवारी सकाळी तिने आणि दादाने तो फलक तिच्या शटरवर बांधला, कार्यालयाच्या बरोबर समोर. शाळेतली माणसं बोचकी घेऊन आली ती फलकापाशीच थांबली. कुणी पुढे पाऊल टाकेना. गर्दी वाढली तेव्हा साहेब खाली उतरले.

“काढा ते आधी!”

वहिनीने आपली वळकटी त्यांच्या पायाशी आपटली. “काढतो, भाऊ. आजची रात्र तुम्ही आमच्या घरी झोपा. वाटीपण देते, सोबतीला.”

लोक खदखदून हसले.

“हसू नका!” ती ओरडली, आणि चौक चिडीचूप झाला. “हा साहेब जिना चढेपर्यंत कुणी हसू नका.”

साहेब इमारतीच्या दारापर्यंत गेले. एक पाय पायरीवर ठेवला, वर बघितलं आणि पाय मागे घेतला. संध्याकाळी हुकूमही मागे घेतला. चुकलं, असं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. ते तिने कधी माफ केलं नाही.

इमारत पुढे पाडली. दादा-वहिनीला शहराबाहेर शेड मिळाली, तीही अर्ध्या छपराची. उरलेल्या अर्ध्यावर दादाने तो फलक ताणून बांधला, चित्राची बाजू आत.

“उलटा बांध की रे, दादा. झोपताना नजरेला तेच कशाला?”

“राहू दे. राग जिवंत राहतो.”

तिची सगळी मजुरी त्या अर्ध्या छपरात गेली.