चरबी धुतलेलं प्रथिन

सर परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि नळीलाच विचारायचे, "जितं हाय काय बे?"

नवी पोरं हसायची. तुम्हीही हसला असता.

मराठी राज्य होऊन दहाएक वर्षं झाली असतील. बुलढाण्याच्या कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवायचे, मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत होतो. सर म्हणजे साखरखेर्ड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. घरात अंडंही चालत नसे. तरी खाटकाकडून बकऱ्याचे गुर्दे बर्फात घालून आणायचे. पेशीभोवतीच्या पातळ पापुद्र्यात रुतून बसलेलं एक प्रथिन त्यांना वेगळं काढायचं होतं. खाटकानं एकदा विचारलं, पाहुणे आले का? सर म्हणाले, "हाव, राहालेच आले."

प्रथिन काम करत असलं, की शेवटचं रसायन टाकल्यावर नळी निळी व्हायची. सुरुवातीचा गढूळ काला निळाशार होई. पण पापुद्र्यातली चरबी धुऊन काढावी तसा रंग फिका पडे, आणि प्रथिन अगदी स्वच्छ झालं की नळी कोरीच राही. डॉक्टरेटच्या नागपूरच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं, उन्हाळ्याआधी काही निघालं नाही तर विषय सोडा. सरांचा डबा तसाच परत जायला लागला. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचे.

एका दुपारी ते बेसिनपाशी बराच वेळ उभे राहिले.

"धुऊन धुऊन मीच मारून राह्यलो त्याले," ते हळू म्हणाले. "त्याले चरबी पाह्यजे असन."

मग त्यांनी मला अंडी आणायला पाठवलं. घरी सांगू नको, असंही म्हणाले. बलकातली चरबी वेगळी करून त्यांनी त्या स्वच्छ, मेलेल्या प्रथिनात मिसळली; ताडून पाहायला दुसऱ्या नळीत नुसती चरबी घेतली. शेवटचं रसायन टाकायची वेळ आली तेव्हा मात्र दोन्ही नळ्या माझ्या हातात दिल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"तू पाह्य. मले नुसतं सांग."

मी दोन्हींत थेंब सोडले. जरा वेळानं प्रथिनाच्या नळीत रंग चढू लागला.

"सर, निळी झाली."

"अन् नुसत्या चरबीची?"

"ती कोरीच आहे."

त्यांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा निळी.

पुढे सरांना डॉक्टरेट मिळाली, ते दुसऱ्या गावी गेले. आता ते नाहीत. मला आठवते ती तीच दुपार. ते वळले, निळी नळी एकदाच पाहिली, स्टुलावर बसले आणि टेबलावर डोकं टेकून तिथंच गाढ झोपले. थोड्या वेळानं तासाची पोरं दाराशी आली. मी ओठांवर बोट ठेवलं, त्यांना परत पाठवलं आणि दार हलकेच लोटून घेतलं.