पालथे कीबोर्ड

बाई लॅबमध्ये शिरल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. "कीबोर्ड पालथे घाला." खटाखट तीस कीबोर्ड पालथे पडत. मग बाई एकेकापुढं कोरा कागद ठेवत. "आधी कागदावर चालवून दाखव. तिथं चाललं तर इथं चालेल."

मी त्या लॅबचा शिपाई होतो. कर्जतकडचं इंजिनीयरिंग कॉलेज. नाव घेत नाही, घेतलं तर मागोमाग शिवी येईल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण पोशीरला माझं स्वतःचं भात पिकतं, कुणाच्या दारात मी कधी उभा राहिलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी काय केलं ते कळलं म्हणजे तुम्हीच तोलून बघा.

बाई पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवायच्या. नोकरी कराराची, दर सत्राला नेमणुकीची नवी ऑर्डर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पोरांपुढं उभं केलं.

"काका, आज तुम्ही कॉम्प्युटर. पोरं सांगतील तेवढंच करायचं, मनाचं काही नाही."

"मी काय माकड हाय का बाई?" माझं डोकंच सणकलं. पोरं फिदीफिदी हसली.

"यांना तुमच्याकडून भाताची आवणी करून घ्यायची आहे, रोपांची लावणी. यांना वाटतं, सांगणं सोपं असतं."

आवणीचं नाव निघालं म्हणून थांबलो. रोपं म्हणून बाईंनी हातात खडूंची मूठ दिली. कोंडाण्याची एक पोरगी उठली, शेतकऱ्याच्या घरची. मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "काका, वाका. एक रोप लावा. एक पाऊल मागं या. परत तसंच करा."

मी वाकलो, लावलं, मागं सरलो. परत वाकलो. खडू संपले, तरी नुसत्या बोटांनी लावत राहिलो. दारातून बाहेर गेलो, व्हरांड्यातून मागं मागं सरत प्रिन्सिपॉलच्या दारावर पाठ आपटली.

"काका, थांबा की!" पोरगी धावत आली.

"थांबायचं कवा, ते सांगितलंस का गं?"

अख्खा वर्ग लोटपोट. बाई हसल्या नाहीत. "बघितलंत? यंत्र विचारत नाही. सांगायचं राहिलं, ती चूक आपली."

मी तासभर फुगून स्टुलावर बसलो. बाई स्वतः चहा घेऊन आल्या. "रागावलात काका?"

"मग काय आरती करू तुमची?"

"यंत्राला मान नसतो, काका. म्हणून कुणी काहीही सांगावं, ते करतं. तुम्हाला मान आहे, म्हणून तर चिडलात."

तेव्हापासून मीही मागच्या बाकावर कागद घेऊन बसायला लागलो. पंपाची मोटर चालू करायच्या पायऱ्या लिहिल्या. बाईंनी दोन चुका काढल्या, आणि त्या खरंच चुका होत्या.

मग आल्या जर्नलच्या वह्या. कॉलेज बघितलेल्यांना ठाऊक असेल, वहीवर बाईंची सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. दोन्ही तुकड्यांच्या मिळून साठ वह्या आल्या. एका पोरानं प्रोग्राममध्ये आपल्या कुत्र्याचं नाव घातलं होतं, टायगर. साठही वह्यांत टायगर! कोंडाण्याच्या पोरीच्याही.

"साठ घरं, आणि कुत्रा एकच?" बाई म्हणाल्या. "परत लिहा. चार दिवस देते. मी बसते तुमच्यासोबत."

अकरा जणं बसली, सगळ्यांत आधी कोंडाण्याची पोरगी. बाकीची एकोणपन्नास प्रिन्सिपॉलकडं गेली, मागोमाग गाड्यांतून त्यांचे बाप आले. चोरी पोरांची, आणि आवाज चढवून बोलत होते ते हे लोक! बाईंची ऑर्डर त्याच महिन्यात संपत होती. सही करा, नाहीतर पुढची ऑर्डर नाही, असं प्रिन्सिपॉलनं तोंडावर सांगितलं.

बाईंनी त्या एकोणपन्नास वह्या कपाटात कुलूपबंद केल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. "काका, ही कुणाला देऊ नका."

"माझ्या जिवात जीव हाय तोवर नाय," मी म्हणालो. अगदी याच शब्दांत.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रिन्सिपॉलनं बोलावलं. मान वर न करता हात पुढं केला. "किल्ली."

मी दिली. खिशातून काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या एका सरांनी चहा पिता पिता एकोणपन्नास सह्या ठोकल्या. त्या प्रिन्सिपॉलचा राग येतो, त्या बापांचा येतो. पण सगळ्यांत जास्त राग माझ्या या हाताचा येतो. सांगितलं, आणि त्यानं केलं.

बाईंना पुढची ऑर्डर मिळाली नाही. त्या निघाल्या तेव्हा मी फाटकापर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेलो. "किल्ली मी दिली, बाई."

"ठाऊक आहे, काका."

एवढंच. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. रिक्षात बसल्या आणि गेल्या.

आता लॅबमध्ये कीबोर्ड सरळ असतात. पोरं मोबाइलला विचारतात आणि आलेलं जसंच्या तसं उतरवतात. थोडे दिवस हे बघितलं आणि मी नोकरी सोडली. घरी ओटीवर कागद घेऊन बसतो. पहिली पायरी, साहेब बोलावतात. दुसरी, हात पुढं करतात. तिसरी, मी खिशातला हात बाहेर काढत नाही. चौथी, मी म्हणतो, "नाय देत."

पुन्हा पुन्हा चालवून बघतो. कागदावर दर खेपेला बरोबर चालतं.