बाईने नाकारलेली ओटी

फोन आला तेव्हा मी आमगावच्या बाजारात वांगी निवडत होतो. बायको एवढंच म्हणाली, "घरी या." पुढे काही विचारायची गरज पडली नाही. आदल्या संध्याकाळी बाईच्या छातीत दुखत होतं. मी दवाखान्यात चल म्हणालो, तर तिने मलाच बसवून माझं बीपी तपासलं आणि मीठ कमी खा म्हणून झापलं... बाई गेली त्याला आता सहा आठवडे झाले.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, ती माहेरी परत आली, नर्स झाली आणि पुढची तीस वर्षं आधी सायकलवर, मग स्कुटीवर गावोगावी बाळंतपणं करत फिरली. तिचं बोलणं ऐकायला छाती लागायची. कळा देणाऱ्या पोरीला म्हणायची, "बोंबलून काऊन राहिली, जोर लाव ना." आणि तीच पोरगी महिनाभराने बाळ घेऊन पहिली हिलाच दाखवायला यायची. मी मास्तर म्हणून रिटायर झालो, तरी तिच्यासाठी शेवटपर्यंत बारक्याच राहिलो. विद्यार्थ्यांच्या देखत हाक मारायची, त्याचा तेव्हा राग यायचा. आता त्या हाकेसाठी जीव तुटतो.

तिच्या निवृत्तीनंतर कळलं की एका संस्थेला आफ्रिकेतल्या मलावी देशात अनुभवी नर्स हव्यात. पगार नाही, फक्त राहणं-जेवण. बाईने मला न विचारता अर्ज केला. मी नकाशा पसरून भांडलो, या वयात कशाला ही उठाठेव म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "इथं मी रिटायर आहो. तिथं नाई." दोन वर्षं राहिली. शेजारी एस्तेर नावाची दाई होती. दोघींना एकमेकींचं बोलणं अर्धंच कळायचं, तरी गप्पा संपत नसत, एकीच्या चुलीवरचं दुसरीच्या ताटात जायचं. फोनवर तक्रार एकच, तिथल्या तांदळाला आपल्या चिन्नोरचा वास नाही.

परत आली ती गोंदिया स्टेशनावर गप्पच उतरली. मग आठवड्याने एका दुपारी वाल सोलता सोलता तिने सांगितलं. निघायच्या सकाळी गावातल्या बायका अंगणात जमल्या होत्या. जाणाऱ्या पाहुणीला वाटेसाठी धान्य द्यायची तिथली रीत. एस्तेर मका आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन पुढे आली आणि बाईच्या पदरात ओतू लागली. बाईचा हात आपोआप आडवा झाला, ती मागे सरली, शेंगा मातीत सांडल्या. आमच्याकडे विधवेची ओटी भरत नाहीत, आणि ते तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की सात समुद्रांपलीकडेही तिचा पदर मागे गेला. एस्तेरला यातलं काय ठाऊक? तिला दिसलं ते एवढंच, की दोन वर्षं आपल्या घरचं जेवलेली बाई आता आपलं धान्य घेत नाही. गाडी उभी होती. बाई तशीच निघाली.

"तिनं खाली बसून शेंगा येचल्या, मायाकडं पायलंबी नाई," बाई म्हणाली. "एवढ्या बाया सोडवल्या मी, अन् मले सादा निरोप घेता नाई आला."

चूक तिची नव्हती, आमची होती. माझ्याच घरात, आधी आईने आणि मग बायकोने, हळदीकुंकवाच्या दिवशी तिला हळूच आतल्या खोलीत बसवलं. मी त्याच आठवड्यात शाळेत मुलांना समतेवर निबंध लिहायला देत असे. याची मला लाज वाटते.

पुढे महिनाभराने धीर करून तिने एस्तेरला व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारीच होतो. मोडक्या इंग्रजीत तिने सगळं सांगितलं, नवरा नसलेल्या बाईच्या पदरात आमच्याकडे धान्य घालत नाहीत, म्हणून भ्याले. एस्तेर म्हणाली, माझाही नवरा नाही, हे तुला माहीत होतं की. मग ओतत कोण होतं? बाई आधी ओशाळली, मग दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तुझ्या वाट्याचं धान्य अजून ठेवलंय, येऊन ने, असं एस्तेरने बजावलं. तेव्हापासून दर रविवारी फोन. पण बाईचं जाणं काही झालं नाही. आधी गुडघे, मग हृदय.

बाजारातून घरी पोचलो तेव्हा अंगणात बाईला निजवलं होतं. सगळं काय-कसं करायचं ते सांगायला आमची काकू बसली होती. माझी बायको सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर आली, तशी काकूने अडवलं. असं नसते करत, म्हणाली. बायको तिच्याकडे न बघता खाली वाकली.

"जाऊन राहिली न बाई. रिकामी कायले जाईल?"

आणि तिने ओटी भरली. काकू स्वतः विधवा, चाळीस वर्षं झाली असतील. जरा वेळाने तिनेही सुपात हात घातला आणि मूठभर तांदूळ बाईच्या पदरात टाकले. मी तेव्हा रडलो, त्याआधी नाही.

बाईचा फोन अजून तिच्या खोलीतच असतो, मी शनिवारी आठवणीने चार्जिंगला लावतो. पहिल्या रविवारी तो वाजला तेव्हा एस्तेरला मीच सांगितलं. गेली, हे सांगितलं. कशी गेली, ते सांगितलं. ओटीचंही सांगितलं. पलीकडून कितीतरी वेळ फक्त रडणं ऐकू येत होतं... मग तिने एकच विचारलं, घेतली का तिने?

मी म्हणालो, हो. घेतली.