डाग म्हणजे पाळी न्हाई

“किती दिवस ते राहू दे. कापडं किती लागली ते सांग.”

आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई पाळीची चौकशी अशी करायच्या. तीही खणखणीत आवाजात. समोरची बाई पदर तोंडाला लावायची आणि रांगेतले पुरुष एकदम आभाळाकडे बघू लागायचे. त्या वर्षी आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं.

जिल्हा नुकताच नवा झाला होता. केसपेपरवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं असे. ते खोडून मी वर हाताने ‘लातूर’ लिहायचे. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. उदगीरला बी.ए. झाले, नव्या जागा निघाल्या आणि कारकून म्हणून लागले. त्या नोकरीचे उपकार मी अजून विसरलेले नाही. बाई मला “ओ बी.ए.बाई” अशी हाक मारायच्या. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे मला कधी कळलं नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बोलणं दगडासारखं, हात मात्र हलका. उंच, काळ्यासावळ्या, पायात पुरुषी चपला. लग्न केलेलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, “कामून करू? रोज दोन बायकांचे नवरे मलाच झापावे लागतात.”

दुष्काळी तलावाच्या कामावरची एक बाई एकदा आली. मळमळ होते म्हणाली.

“पाळी?”

“आली की. चार दिवस बसले ना बाहेर.”

“बसलीस चार दिवस. रक्त किती दिवस?”

“एक डाग दिसला, बाई.”

“मग बाकीचे तीन दिवस काय करून राहिली होतीस?”

“आराम व्हता,” ती म्हणाली, आणि सगळी रांग हसली. बाईही हसल्या. मग तिला आत नेऊन तपासलं आणि खडी उचलायचं काम बंद करायला लावलं. तिला तिसरा महिना चालू होता.

आमच्याकडे डाग दिसला की घराच्या एका कोपऱ्यात चार दिवस वेगळं बसायचं. डाग तांदळाएवढा असो नाहीतर पाट वाहो, दिवस चारच. म्हणून घरातली माणसं बसणं मोजायची. बाई रक्त मोजायच्या.

हे सगळं मी टेबलाच्या या बाजूला बसून रोज ऐकत होते. तरी चुकले.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. नवरा लोह्याला मास्तर होता, शनिवारी यायचा. मी सासूबाईंजवळ राहायचे. संक्रांतीनंतर दोन महिन्यांत मी तीनदा कोपऱ्यात बसले. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करावी लागे आणि पाणी तर टँकरचं. सासूबाई घागर पुढ्यात आदळून म्हणायच्या, “महिन्याला एक न्हाणं समजलं. तीन तीन कुठून आणू? आन् एवढं करून नातू तर न्हाईच.”

मी कॅलेंडरवर तीन खुणा केल्या होत्या. पाळी अनियमित आहे, उन्हाने असेल, असं स्वतःला सांगत होते. एके दिवशी रजिस्टर लिहिता लिहिता मला घेरी आली. बाईंनी खुर्चीवर बसवलं.

“कापडं किती?”

“संक्रांतीच्या आधी रोज चार-पाच लागली. त्यानंतर... एखादंच. तपकिरी डाग.”

बाईंनी माझी नाडी धरली. मग विचारलं, “पोटात एका बाजूला दुखतं का? खांद्यात कळ? गर्भ नळीत अडकला की तसं होतं.”

“नाही.”

“डाग म्हणजे पाळी न्हाई, बी.ए.बाई. तू ऐकून राहिली होतीस का नुसतं लिहून?”

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी धुतलेल्या औषधाच्या बाटलीत भरून दिली. बाईंनी ती टॉवेलात गुंडाळून स्वतः एस.टी.ने लातूरला नेली. परत आल्या आणि म्हणाल्या, “हाय. दोन महिने उलटून गेलेत. पण डाग आहे, तेव्हा लगेच पेढे वाटू नको. कुणाचं टिकतं, कुणाचं न्हाई. मी काही देव न्हाई.”

मला आनंद व्हायला हवा होता. मी उठून पुढचा केसपेपर घेतला.

होळीच्या आधी गेलं. दुपारी रक्त सुरू झालं ते थांबेना. बाईंनी केंद्राची जीप काढायला लावली, उदगीरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गर्भपिशवी साफ केली. त्या सबंध दुपारचं मला एवढंच आठवतं, की जीपच्या छताला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाचा रुपयाएवढा तुकडा बाईंच्या मांडीवर हलत होता.

घरी आले तर कोपरा तयार होता. या वेळी चार नाही, दहा दिवस. मी बसले. रडू येत नव्हतं. भिंतीकडे बघितलं तरी चालत होतं, न बघितलं तरी.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. चपला काढल्या आणि सरळ येऊन माझ्या घोंगडीवर, मला खेटून बसल्या. सासूबाई ओरडल्या, “अहो बाई, शिवलात की!”

“शिवले. आता मला बी दहा दिवस बसवा, मावशी. लई झोप राहिलीय माझी. आन् पहिला चहा करा.”

सासूबाई चुलीपुढे गेल्या. तिकडूनच त्यांनी विचारलं, “ते तीनदा बसली... ते मग पाळीचं न्हवतंच?”

“न्हवतं.”

“पोर पोटात होतं, आन् मी हिला गार पाण्यानं न्हाऊ घातलं. घागरी आणायला लावल्या. त्यानंच गेलं का?”

मला वाटलं, आता बाई झापणार. पण त्या हळू म्हणाल्या, “न्हाई, मावशी. पाण्यानं न्हाई, घागरीनं न्हाई. काही काही जीव मुळातच धरत न्हाईत. तुमचं न्हाई, हिचं बी न्हाई.”

सासूबाई दोन कप घेऊन आल्या. एक बाईंना दिला. दुसरा खाली ठेवून सरकवायचा असतो. तो त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली.

पुढे दोन जिल्ह्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. बाईंचं गाव जुन्या जिल्ह्यात राहिलं होतं. त्यांनी तिकडची बदली मागून घेतली. जून लागला होता, पाऊस नव्हता. मी एस.टी.वर पोहोचवायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी. खिडकीतून त्या भरल्या गाडीत मला ओरडून सांगत होत्या, “पुन्हा दिवस राहिले आन् एका बाजूला दुखलं, तर संध्याकाळची वाट बघू नको. कळलं का?” कंडक्टर घंटी धरून थांबला होता. पुढच्या बाकावरचे दोन फेटेवाले बाहेर बघू लागले.

मी मान हलवली. माझे तेव्हा पंधरा दिवस वर गेले होते आणि एकही डाग नव्हता. ओठांवर आलं होतं, पण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या उतरल्या असत्या.