जयगडच्या सड्यावरची पिवळी चादर

निघतानाच फोनने मला चिडवायला सुरुवात केली. मी एका लहानशा संकेतस्थळासाठी मोबाईलची परीक्षणं लिहिते. या वेळी मध्यम किमतीचा एक नवा फोन आला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की कॅमेरा लांबचं जवळ आणतो, पडदा कडक उन्हातही स्पष्ट दिसतो आणि बॅटरी दोन दिवस टिकते. आमचे संपादक म्हणाले, "पुण्यात खोलीत बसून लिहू नकोस. रत्नागिरीला जा. ऊन आहे, समुद्र आहे, घाम आहे. आणि हे बघ, चार्जर न्यायचा नाही. पॉवर बँकसुद्धा नाही." मला अनोळखी गावात एकटीने जाणं आवडत नाही. तिथे लोकांशी बोलावं लागतं. पण हे त्यांना सांगण्यासाठीही बोलावंच लागलं असतं, म्हणून गेले.

घाट उतरताना फोन सतत नेटवर्क शोधत बसला. रत्नागिरीच्या स्टँडवर उतरले तेव्हा बॅटरी इतकी खाली आली होती की दोन दिवसांची गोष्ट तिथेच खोटी पडली. जयगडच्या एसटीत खिडकीजवळ बसून मी पडद्याचा उजेड शेवटपर्यंत वाढवला आणि नकाशा उघडला. दिसला फक्त माझा चेहरा, कपाळावर आठ्या असलेला. बहुतेक दर वळणावर मी फोन एकदा सावलीत, एकदा उन्हात धरून बघत होते.

कंडक्टर शेवटी न राहवून म्हणाले, "ताई, मोबाईल आजारी आहे काय?"

"नाही. तपासतेय."

"मग आजारीच म्हणा की!"

मागच्या सीटवरच्या बायका हसल्या. मी मान खाली घातली. नकाशा अजूनही दिसत नव्हता.

जयगडला उतरून एका खाणावळीत जेवले. तांदळाची भाकरी, तळलेले बांगडे, सोलकढी. जेवणासाठी कॅमेऱ्यात वेगळी सोय आहे. तिने सोलकढी लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखी गुलाबी करून दाखवली आणि बांगड्याला अशी चकाकी दिली की तो प्लॅस्टिकचा वाटावा. खाणावळीतल्या मावशींनी डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडचं नाय." मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

पुढे दीपगृहाच्या खालच्या सड्यावर (जांभ्या दगडाचं उघडं पठार) गेले. एका बाजूला खाडीचं तोंड, दुसऱ्या बाजूला बंदराच्या उंच क्रेन आणि समोर उघडा समुद्र. दगड तापून चपलेतून चटके देत होता. मी दीपगृहाचे फोटो काढायला लागले. साधा, दुप्पट जवळचा, दहापट जवळचा. दहापट जवळच्या फोटोत फोनने दीपगृहाला एक खिडकी जास्त दिली. मी पुन्हा काढला. खिडकी पुन्हा आली.

"काय गो, तुझा मोबाईल लांबचा काढतो काय?"

मागे माझ्याच वयाची एक मुलगी उभी होती. डोक्यावरून ओढणी, काखेत घडी घातलेली चादर. तिने आपलं नाव मरियम सांगितलं, माझं विचारलं, आणि मी ते पूर्ण सांगायच्या आत माझ्या शेजारी दगडावर बसलीसुद्धा.

तिचा घोव (नवरा) मालवाहू जहाजावर आहे. योगायोगाने ते जहाज याच बंदरात माल उतरवायला आलं होतं, पण त्याला खाली उतरायची परवानगी मिळाली नाही. स्वतःच्या गावाच्या धक्क्याला लागून तो घरी न येताच परत चालला होता. जहाज थोड्या वेळात निघणार होतं.

"मागल्या महिन्यात शिडीवरून पडला," मरियम म्हणाली. "म्हणतो मुका मार आहे, बरा आहे आता. पण व्हिडिओवर येतच नाय. कधी म्हणतो नेट नाय, कधी म्हणतो कॅमेरा बिघडला. कॅमेरा बिघडला म्हणे! मना काय कळत नाय?"

मग तिने चादर उलगडली. पिवळीधमक, त्यावर मोठी लाल फुलं. त्यांच्या घरातून जहाजावर जाणारा माणूस जोडीतली एक चादर सोबत नेतो, दुसरी घरात राहते. जहाज किनाऱ्याजवळून जाणार असेल तर त्याने डेकवर आपली चादर दोन्ही टोकं धरून, हात पुरते ताणून उभी करायची आणि घरच्यांनी सड्यावरून आपली. सासऱ्यांपासूनची पद्धत.

"दोन्ही हात वर गेले तर समजायचं बरा आहे," ती म्हणाली. "माझ्या मोबाईलात नुसता ठिपका दिसतो. तू नीट काढ."

'नीट काढ' म्हणणं सोपं होतं. जास्तीची खिडकी अजून माझ्या डोळ्यांसमोर होती.

जहाज निघालं. आधी क्रेनच्या आडून काळं नाक दिसलं, मग लांबच लांब तांबडी बाजू. डेकच्या मागच्या टोकाला एक पिवळा ठिपका वर आला. मरियम ताडकन उभी राहिली. मी फोन उचलला. पडद्यावर पुन्हा माझ्याच आठ्या. मरियमच्या ओढणीची सावली करून, अंदाजाने नेम धरून फोटो काढले. प्रत्येक फोटोनंतर फोन 'सुधारणा सुरू आहे' असं म्हणत मख्खपणे चक्र फिरवत बसायचा. तुला कोणी सांगितलंय सुधारायला, असं मी त्याला मोठ्याने विचारलं. सहसा मी असं करत नाही.

शेवटी एक फोटो आला. पिवळ्या चादरीमागे दोन्ही हात फैलावून उभा असलेला एक माणूस. गुळगुळीत चेहरा, दाट केस.

मरियम खळखळून हसली. "हा कोण हिरो? माझ्या घोवाला एवढे केस असते तर काय हवं होतं!" मग तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "पण हात बघ. दोन्ही वर हायत." तिने मोठा श्वास सोडला.

ती आपली चादर घेऊन कड्याकडे धावली. वाऱ्याने पहिल्याच झटक्यात एक टोक तिच्या हातातून काढून घेतलं. "धर गो धर!" ती ओरडली. मी फोनवर व्हिडिओ सुरू केला, कारण व्हिडिओत निदान ती सुधारणा होत नाही. जहाज दहापट जवळ घेऊन, त्याच्यावर नेम धरून फोन दोन दगडांत अडकवून ठेवला आणि धावत जाऊन चादरीचं दुसरं टोक पकडलं. एका अनोळखी मुलीबरोबर भर उन्हात चादर ताणून मी उभी होते. जहाज वळून ठिपक्याएवढं होईपर्यंत आम्ही हात खाली घेतले नाहीत.

मरियमने मला घरी नेलं. सांदण (तांदूळ आणि नारळाच्या रसाचं गोड, वाफवलेलं पक्वान्न) खाल्ल्याशिवाय सोडणार नव्हती. ती आत गेली आणि मी ओटीवरच्या सावलीत व्हिडिओ लावला. पडदा आता स्पष्ट दिसत होता. चित्र दाणेदार, हलतं, रंग फिके. एका क्षणी वाऱ्याने जहाजावरची चादर खाली दाबली आणि तिच्या वरून दोन डोकी दिसली. चादरीचं एक टोक एका उंच माणसाने धरलं होतं. दुसरं टोक धरलेला माणूस टक्कल पडलेला, आणि त्याचा दुसरा हात गळ्यातल्या पांढऱ्या झोळीत.

फोनने दोघांचा मिळून एक धडधाकट माणूस केला होता.

तेवढ्यात बॅटरी संपत आल्याची सूचना आली. क्षणभर वाटलं, बंद पडू दे. मला काही सांगावं लागणार नाही. तिच्या मनात तो छान फोटो राहील. मी बाहेरची, संध्याकाळच्या एसटीने जाणारी. आतून ती कोणाला तरी फोनवर सांगत होती, "दोन्ही हात वर होते गो, मी बघितले."

मी उठून आत गेले आणि चार्जर मागितला. माझी बॅटरीची चाचणी तिथेच संपली.

मरियमने व्हिडिओ उभ्यानेच बघितला. पुन्हा बघितला. चुलीवरच्या भांड्याची वाफ तशीच जात राहिली.

"खोटारडा," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने पडद्यावरच्या उंच माणसावर बोट ठेवलं. "हा कोण असेल?"

"माहीत नाही."

"कोणी का असेना. धरायला उभा राहिला." तिने फोन माझ्या हातात दिला. "तो हिरोचा फोटो पुसून टाक. हे मना पाठव."

मी तिच्यासमोर फोटो पुसला. तिने लगेच नवऱ्याला फोन लावला. "आता चादरबिदर नको. कॅमेरा लाव. हो, बिघडलेलाच लाव!" मग ती बराच वेळ भांडत होती आणि मी सांदण खात बसले. इतकं मऊ मी कधी खाल्लं नव्हतं. त्याचा फोटो काढला नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टर तेच होते. "झाला बरा मोबाईल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." या वेळी बायकांबरोबर मीही हसले.

पुण्याला येऊन परीक्षण लिहिलं. पडदा सावलीत चांगला. बॅटरी दोन दिवस टिकत नाही; नक्की किती टिकते ते सांगता येत नाही, मध्येच चार्ज करावी लागली. व्हिडिओ दाणेदार पण विश्वासाचा. दूरचे फोटो देखणे येतात, आपल्या माणसाचे काढू नयेत.

संपादकांचा फोन आला. बॅटरीवरून बोलून झाल्यावर म्हणाले, "दूरच्या फोटोचा नमुना कुठे आहे? तोच तर मुख्य."

"पुसला."

"का? नीट आला नव्हता?"

"आला होता," मी म्हटलं. "त्यात एक माणूस कमी होता."