तांब्या मी फेकला नव्हता

"कान धर," स्पर्धा समितीचे सर म्हणाले. "आणि माईकवर म्हण, तांब्या मी फेकला, माझं चुकलं."

मांडवात सगळे संघ बसले होते. नव्या जर्सीतली पोरं, त्यांचे प्रशिक्षक, पुढच्या सोफ्यावर पाहुणे. फुटबॉल स्पर्धेच्या गटांच्या चिठ्ठ्या काढायचा कार्यक्रम होता. माझ्या आधी माईकवर जो जो आला त्याला सरांनी 'आपण' म्हटलं होतं. आपण या, आपण बोला. मी पस्तीस ओलांडलेली बाई. अंबडच्या कंपनीत माझ्या लाइनवरच्या मुली मला मॅडम म्हणतात. मला मात्र 'धर'. घरातल्या पोराला म्हणावं तसं.

आमच्या संघाला खुर्च्या नव्हत्या. "आधी ते उरकू द्या, मग बसा," असं दारातच सांगितलं होतं. म्हणून आमची पोरं मांडवाच्या बाहेर उन्हात उभी होती. माझा भाऊ सुमेध त्यांच्यात होता. एका पायावर भार देऊन.

कसला तांब्या आणि कसलं चुकलं, ते सांगते.

आमची कॉलनी नाशिक रोडच्या बाजूला. सगळी बौद्ध घरं. आजोबांच्या पिढीतले काही जण कारखान्यात लागले, तिथं फुटबॉल शिकले आणि तो खेळ घरी घेऊन आले. तेव्हापासून विहारामागच्या उताराच्या जागेवर आमची पोरं खेळतात. मैदान म्हणायचं म्हणून म्हणायचं. एका बाजूला चेंडू आपोआप घरंगळतो, दुसऱ्या बाजूला खडी आहे. पडलं की गुडघा सोलवटलाच.

त्या मैदानाची एक रीत आहे. पोरगं पडलं की ढोल थांबतो. आणि ज्याच्या हाताशी तांब्या असेल तो आत धावतो. आमच्याकडं डॉक्टर नाही, स्ट्रेचर नाही. पाणी आहे. ओलं गोणपाट गुंडाळलेला कॅन लिंबाखाली ठेवलेला असतो. आणि पाणी आधी समोरच्या संघाच्या पोराला द्यायचं, मग आपल्या. तो पाहुणा असतो म्हणून. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. माझी आई असंच करायची. ती गेल्यावर कॅन आणि तिचा स्टीलचा तांब्या माझ्याकडं आला.

मागच्या वर्षी आमचा संघ या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोहोचला. समोर गंगापूर रोडकडचा क्लब होता. नाव घेत नाही. मैदान शहरातलं, हिरवंगार. क्लबवाल्यांना सावलीतल्या पायऱ्या. आम्हाला पलीकडच्या गोलमागं, भिंतीला लागून जागा. पुढं दोरी, मागं लोखंडी गेट. त्याला आम्ही खालचं गेट म्हणतो. आम्ही सगळे आत आलो आणि एका कार्यकर्त्यानं गेटला बाहेरून कुलूप घातलं. "फुकटे घुसतात," तो म्हणाला.

आम्ही त्याला चिडवलं. दामूकाका, आमचे ढोल वाजवणारे, मूळचे सटाण्याकडच्या खेड्यातले, त्याला म्हणाले, "आरं, आम्ही पळून जाया नाय आलो, जिंकून जाया आलोय!" सगळे हसले. कुलूप लावणाराही हसला. ते हसणं मला अजून आठवतं.

उत्तरार्धात बरोबरी होती. एक उंच चेंडू आला. सुमेध आमचा गोलकीपर, तो पुढं झेपावला. त्यांचा पुढचा खेळाडूही झेपावला. दोघं हवेत आदळले आणि दोघंही खाली पडले. उठेनात.

आमचा ढोल थांबला. सावलीतल्या पायऱ्यांवरचे भोंगे चालूच राहिले.

मी दोरीखालून आत गेले. शिट्टीची वाट बघितली नाही. या मैदानावर असं जायचं नसतं हे मला ठाऊक होतं, पण पाय आधीच निघाले होते. माझा सख्खा भाऊ गुडघा धरून ओरडत होता आणि तरी मी आधी त्यांच्या पोराकडं गेले. तशीच सवय लागलेली. त्या पोरानं मान उचलली. माझ्याकडं बघितलं. पाण्यासाठी हात पुढं केला.

त्यानं हात पुढं केला होता. हे मी कुठंही, कोणासमोरही सांगेन.

तेवढ्यात मागून छातीवर कार्यकर्त्याचा बिल्ला लावलेला एक माणूस आला. "ए, आमच्या पोराला तुमचं पाणी नको," म्हणाला आणि माझ्या हाताला खालून फटका मारला. तांब्या उडाला. पाणी माझ्या तोंडावर आलं. पोरानं हात मागं घेतला आणि गवताकडं बघायला लागला.

तुमचं पाणी. हे दोन शब्द मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या घरात पाण्याची गोष्ट पुस्तक उघडण्याआधीच कळते. फक्त मला वाटलं होतं, ती आजोबांची गोष्ट आहे. हिरव्या गवतावर, भरदुपारी, माझ्या तोंडावरून ती ओघळेल असं वाटलं नव्हतं.

आमची पोरं आत आली. रागानं आली, खोटं कशाला बोलू. बिल्लेवाल्याची कॉलर धरली. तेवढंच झालं. पण लगेच काठ्या निघाल्या. कार्यकर्ते धावून आले आणि आमच्या दिसेल त्या निळ्या शर्टावर काठी पडायला लागली. दोरीमागं बायका होत्या, म्हातारी माणसं होती. सगळे मागं वळले आणि गेटकडं पळाले.

गेटला कुलूप.

पुढचे ओरडत होते, "मागं सरका!" मागच्यांना ते ऐकू जात नव्हतं. गेटच्या खालच्या भागाचा पत्रा वाजत होता. त्या आवाजाला मी अजून दचकते. आमच्या कॉलनीतल्या गॅरेजमध्ये कोणी पत्रा ठोकायला घेतला की मी आत जाऊन दार लावते. दामूकाका गेटच्या गजांमध्ये चेपले गेले, गळ्यात ढोल, एक हात गजांबाहेर. ढोलाचं पान फाटलं. सगळे एकच विचारत होते, "चावी कोणाकडं आहे? चावी?" शेवटी रस्त्यावरच्या कोणा भल्या माणसानं बाहेरून दगड घालून कुलूप फोडलं. लोक एकमेकांवर पडत बाहेर आले. त्या दिवशी कोणी मेलं नाही. आम्ही काही विशेष शहाणपण केलं म्हणून नव्हे, तर त्या माणसाला दगड सापडला म्हणून.

सुमेध एवढा वेळ तिथंच पडून होता. त्याच्या गुडघ्यावरून कोण कोण धावलं कोणास ठाऊक. तो आता खेळत नाही. जिना उतरताना कठडा धरतो.

संध्याकाळी व्हिडिओ आला. तो सुरू होतो तेव्हा तांब्या हवेत असतो. माझा हात वर गेलेला, पाणी उडालेलं, समोर जमिनीवर त्यांचं पोरगं. फटका मारणारा हात त्यात नाही. खाली लिहिलं होतं, निळ्यावाल्या बाईनं जखमी खेळाडूला भांडं फेकून मारलं. व्हिडिओ गावभर झाला. आमच्या पोरांना चौकीत बोलावून दिवसभर बसवून ठेवलं. बिल्लेवाल्याला कोणी बोलावलं नाही.

कंपनीत कोणी काही बोललं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत जी बाई रोज माझ्या बाटलीतलं पाणी प्यायची, ती स्वतःची बाटली आणायला लागली.

मग बाइक यायला लागल्या. कॉलनीच्या गल्लीतून, भर दिवसा, सावकाश. तोंडाला रुमाल बांधलेली पोरं. थांबायची नाहीत, शिवी द्यायची नाहीत. विहारासमोर आली की एकजण नुसता ओरडायचा, "तांब्या!" आणि निघून जायची. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, उलट देता आली असती. लहान मुली नळावर जायला घाबरायला लागल्या. काही दिवस बाइक यायच्या नाहीत, आणि तेव्हा जास्त भीती वाटायची.

संघावर बंदी आली. वर्ष गेलं. मग समितीकडून निरोप आला. त्या बाईनं सगळ्यांसमोर माफी मागावी, मग संघ परत घेऊ. ढोल आणायचा नाही. निळं घालायचं नाही. तुमच्या लोकांसाठी वेगळी जाळी लावली आहे, तिच्यात बसायचं.

मी नाही म्हणाले. तेव्हा दामूकाका घरी आले. त्यांचा तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. दुसऱ्या हातानं कप धरून म्हणाले, "पोरी, दोन मिन्टाचं काम हाय. कान धर अन् मोकळी हो. पोरांचं अजून एक वर्स जाया नको."

"काका, तुमचा हात?"

"माझं ऱ्हाऊ दे. माझं काय, मी म्हातारा."

मला त्यांचा राग आला नाही. ज्यांनी त्यांना इतकं सोसायला शिकवलं त्यांचा आला. पण पोरांची तोंडं समोर येत होती. मी हो म्हणाले. खरंच माफी मागायची असं ठरवूनच मी त्या सकाळी मांडवात गेले होते.

तर सर म्हणाले, "कान धर." माझा हात उचलला गेला होता. कानाच्या पाळीला बोटं लागली होती. आणि मांडवाच्या कनातीतून मला त्याच मैदानाचा पलीकडचा कोपरा दिसला. गोलमागची आमची जागा. तिन्ही बाजूंनी उंच जाळी, डोक्यावरूनही जाळी. मागं तेच गेट, नवा रंग दिलेलं. त्याला नवं कुलूप. पहिल्यापेक्षा मोठं. दगडानं फुटणार नाही असं.

माझा हात खाली आला.

मी माईकवर विचारलं, "त्या गेटची चावी कोणाकडं असणार?"

सर म्हणाले, "तो तुझा विषय नाही."

"मागच्या वर्षी कोणाकडं होती?"

सोफ्यावरच्या एका पाहुण्यानं घड्याळात बघितलं. मी परत तेच विचारलं, तेव्हा माझा आवाज अर्ध्यात गेला. माईक बंद केला होता.

बरं झालं. लाइनवर मशीन चालू असताना मुलींशी बोलायची मला सवय आहे. मी ओरडून सांगितलं, "तांब्या मी फेकला नव्हता. पाणी द्यायला आले होते. तुमच्या माणसानं हाताला मारलं."

ते पोरगं दुसऱ्या रांगेत बसलं होतं. क्लबची जर्सी, हातात फोन. मी त्याच्याकडं बघून म्हणाले, "तू हात पुढं केला होतास."

त्यानं बुटांकडं बघितलं. लाल झालं होतं. पण तोंड उघडलं नाही. त्याला घरी जायचं होतं, त्याच लोकांच्यात. त्याची कीव यावी इतकं माझं मन मोठं नाही.

मी बाहेर आले. आमचा संघ कायमचा कटला. कॉलनीत दोन तट पडले. काही बाया माझ्याशी बोलत नाहीत, त्यांची पोरं घरी बसली आहेत. त्यांचंही खरं आहे. दामूकाकांनी ढोलाला नवं पान चढवलं नाही. त्या दिवशी सुमेध घराजवळ आल्यावर म्हणाला, "बरं केलंस असं मी म्हणत नाही, ताई. पण कान धरले असतेस ना, तर मी या घरात पाय ठेवला नसता."

गोष्ट इथं संपली असती तर मी सांगत बसले नसते.

आमची जागा हरसूलकडच्या एका आदिवासी पोरांच्या संघाला दिली आहे. त्यांची माणसं पिकअप भरून येणार. बायका, लेकरं, म्हातारे, सगळे. आणि त्यांना त्याच जाळीत बसवणार. हे कळल्यावर मी आणि सुमेध बाजाराच्या दिवशी हरसूलला गेलो. संघातल्या एका पोराचे आजोबा भेटले. मी त्यांना गेट सांगितलं, कुलूप सांगितलं. काही झालं तरी आत धावू नका, असं मी म्हणाले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "पोरगा पडला तं पाणी घेऊन जाऊच ना, ताई. नाय तं काय बघत बसू?"

ते ऐकून मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. येऊ नका असं मी म्हणू शकले नाही. त्यांच्या पोरांना पहिल्यांदा ते गवत मिळतंय.

सांगायचं तिथं सांगून झालं. चौकीत म्हणाले, बघू. समितीत म्हणाले, तुमचा आता संबंध काय? काल मी परत जाऊन आले. कुलूप तिथंच आहे. तेल घातलेलं, चकचकीत.

त्यांचा सामना येत्या रविवारी आहे. मी सकाळीच जाऊन खालच्या गेटच्या बाहेर, रस्त्यावर उभी राहणार आहे. माझ्याबरोबर पाण्याचा कॅन असेल, आईचा चेपलेला तांब्या असेल आणि कॉलनीतल्या गॅरेजमधून आणलेला घण असेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, मोबाइल काढा, आणि या वेळी सुरुवातीपासून काढा. माणसं आत गेल्यावर गेटला कुलूप लागलेलं दिसलं, तर सामना सुरू व्हायच्या आधी मी ते फोडणार आहे.

मग खुशाल म्हणा, बाईनं फोडलं. ते मी कबूल करीन. माईकवर या म्हणालात तर माईकवरही येईन. दोन्ही हात खाली ठेवून सांगीन.