खिशातले हात

भूकंप झाला तेव्हा आमची गोदा सहा महिन्यांची होती. घर हललं, फळीवरची भांडी खाली आली, सारी गल्ली देवाचं नाव घेत बाहेर पळाली, आणि मी तिला पदरात गुंडाळून अंगणात आणलं तेव्हा ती झोपलेलीच होती. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही लातुरात ताडपत्रीखाली राहिलो. जमीन जरा गुरगुरली की मोठी माणसं दचकायची, लेकरं रडायची. गोदा तेवढी शांत. शेजारच्या बायका तिला बघायला यायच्या. सासूबाई कौतुकानं सांगायच्या की माहूरची आई हिच्या उशाशी बसली आहे, म्हणून लेकरू बिनघोर आहे. मीही तेच मानलं. देवीपुढे दिवा लावताना रोज म्हणायची, अशीच बसून राहा. ती झोप कशाची होती, हे कळायला आम्हाला अडीच वर्षं लागली.

कळलं तेही साध्या कारणानं. तिच्या पाठीमागे माझ्या हातून स्टीलच्या ताटांची चळत पडली. शेजारीण ओट्यावरून धावत आली. गोदा मात्र चमच्यानं माती उकरत होती, ती उकरतच राहिली. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही म्हणाले. ज्या गोष्टीसाठी मी इतके दिवस देवीचे आभार मानत होते, तेच लेकराचं दुखणं निघालं. मला देवीचा फार राग आला. दिवा लावायचं मी सोडलं नाही, पण तिच्याशी बोलणं सोडलं. घरातही मी कमीच बोलणारी. माझा राग कुणाला कळलासुद्धा नाही.

त्याच काळात लातूरला क्लासेसची गर्दी सुरू झाली. कुठकुठल्या गावची मुलं डॉक्टर, इंजिनियर व्हायला येऊन राहू लागली. गल्लीतल्या घराघरावर पत्र्याच्या खोल्या चढल्या. आम्ही खानावळ काढली. पंगतीला वीस-पंचवीस मुलं बसायची. त्यांच्या आईबापांनी त्यांच्याकडून एकच गोष्ट मागितली होती, मार्क. आम्हीही गोदाकडून एकच मागत होतो. तिनं बोलावं. ह्यांचं म्हणणं, चार लोकांत उठून दिसू नये, साध्या शाळेत जावी. सासूबाईंनी तर नवस केला. पोरीच्या तोंडून आई हा शब्द निघू दे, माहूरला येऊन खणा-नारळानं ओटी भरीन.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई मिळाल्या. फार मायाळू होत्या. गोदाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवायच्या, तोंडापुढे कागदाची पट्टी धरून ती फुंकरीनं हलवून दाखवायच्या. त्यांच्याकडची काही मुलं खरोखर बोलू लागली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यांची एक सक्त सूचना होती. घरात हातवारे अजिबात नकोत. हातानं काम भागलं की जीभ आळशी होते. आणि गोदाची तर सारी दुनियाच हातात होती. भाकरी हवी असली की ती तळहातावर तळहात थापायची. चष्मेवाल्या मुलाचा चष्मा, टक्कलवाल्या दूधवाल्याचं टक्कल, सगळं करून दाखवायची. मुलं हसून हसून लोटपोट व्हायची. मला मात्र बाईंची सूचना आठवायची.

मग मी एक काम केलं. तिच्या प्रत्येक फ्रॉकला दोन खोल खिसे शिवले. काही मागायचं असलं की हात खिशात, आणि तोंडानं प्रयत्न. सहा वर्षांचं लेकरू माझ्यापुढे खिशात हात घालून उभं राहायचं, ओठ हलवायचं, कसासा आवाज काढायचं आणि माझ्या तोंडाकडे बघायचं. जमलं की नाही, हे तिला माझ्याच चेहऱ्यावर वाचावं लागायचं. तिनं कधी हट्ट केला नाही. हळूहळू तिनं काही मागणंच सोडलं. सासूबाई म्हणाल्या, आता शहाणी झाली. मला रात्रंदिवस काहीतरी टोचायचं, पण काय, ते सांगता यायचं नाही.

त्या वर्षी नवरात्र सरल्यावर सासूबाईंनी माहूरला जायचं काढलं. नवस फेडायला नव्हे, देवीला आठवण करून द्यायला. हदगाव माझं माहेर. तिथं एक मुक्काम करून आम्ही तिघी गडावर गेलो. मला जायचं नव्हतं. देवीला काय सांगणार होते मी? पण सासूबाईंना नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती.

नवरात्र संपलं तरी गर्दी होती. गाभाऱ्यात देवीचा तो मोठा शेंदरी मुखवटा, नाकात नथ, मुखात विडा. आमच्या ह्या आईला कुटलेल्या विड्याचाच नैवेद्य असतो, तोच तांबूल म्हणून भक्तांना मिळतो. गोदाला मी कडेवर घेतलं. ती देवीकडे एकटक बघत होती. मी हात जोडले, पण मनात एक शब्द आला नाही. पाठीमागून माणसं ढकलत होती. बाहेर पडलो. सासूबाईंची पिशवी सावरायला मी गोदाला खाली ठेवलं, आणि मान वर केली तर गोदा नव्हती.

त्या पायऱ्यांवर माझं जे झालं ते लिहिता येत नाही. माणूस हरवलं की आपण हाक मारतो. मी कुणाला हाक मारणार? मी आयुष्यात कधी चार माणसांत मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र गोदा, गोदा म्हणून जीव खाऊन ओरडत पायऱ्या उतरले. व्यर्थ आहे हे ठाऊक असून ओरडले. आणि साडेतीन वर्षांनी पहिल्यांदा देवीशी बोलले. म्हणाले, मला तिचं बोलणं नको, तोंडून आई नको, काहीच नको, ती फक्त तुझ्याजवळ असू दे.

अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर एका दुकानापाशी चार-पाच माणसं उभी राहून हसत होती. तिथं एक म्हातारी खलबत्त्यात विडा कुटत बसली होती. म्हणजे कुटायचं सोडून बसली होती. तिच्यासमोर पोत्यावर आमची गोदा. म्हातारीचे हात हवेत चालले होते आणि गोदाचेही. गोदा गाल फुगवत होती, एक बोट वर देवळाकडे, एक बोट स्वतःच्या तोंडाकडे, आणि दोघी अंग हलवून हसत होत्या.

दुकानात म्हातारीची सून होती. तिनं माझा चेहरा बघून आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाली, "घाबरू नका ताई. आमच्या आत्याबाईंना बी जन्मापासून ऐकू येत न्हाई. संबळ वाजून राहिला अन् ही पोर वळून बघंना, म्हणून त्यांनी लगेच वळखलं. हात धरून बसवली."

मी विचारलं, काय बोलतात दोघी? तिनं सासूला हातानं विचारलं. म्हातारीनं उत्तर दिलं, तेही हसत हसत. सून म्हणाली, "पोर सांगून राहिली, देवीच्या तोंडात विडा भरलाय. म्हणून ती माझ्यावाणी बोलत न्हाई."

मी गोदाशेजारी पोत्यावर बसले. सहा वर्षांत माझ्या लेकीनं काय मनात आणलं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मी तिला फक्त मागायला शिकवत होते, आणि तिच्याजवळ सांगायला इतकं होतं.

मग म्हातारीनं माझ्याकडे बोट करून गोदाला काहीतरी विचारलं. गोदानं माझ्याकडे पाहिलं. सवयीनं दोन्ही हात खिशात गेले. म्हातारीच्या कपाळावर आठी आली. तिनं गोदाचे हात अलगद खिशातून बाहेर काढले, दोन्ही खिसे चाचपून पाहिले, आणि माझ्याकडे पाहून सुनेला काहीतरी विचारलं. सून जरा अवघडली. "त्या म्हणतात, इतके मोठे खिसे कशाला?" मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. म्हातारी रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. तिनं मूठभर सुपाऱ्या घेतल्या आणि दोन्ही खिशांत भरल्या. खिसे भरले. आता हात ठेवायला जागा उरली नाही.

मग तिनं गोदाला पुन्हा तेच विचारलं. बोट नाकपुडीला लावून दाखवलं, नथीच्या जागी. गोदानं स्वतःच्या नाकाला बोट लावलं आणि तेच बोट माझ्याकडे केलं. पुन्हा केलं. मग पुन्हा पुन्हा करतच राहिली.

"तुम्हाला आई म्हणून राहिली," सून म्हणाली. "आता थांबायची न्हाई बघा. आमच्या आत्याबाई दिवसभर थांबत न्हाईत. आमचे हात दुखतात, पण त्यांच्या गप्पा सरत न्हाईत."

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत खाली आल्या. सारं ऐकून त्यांनी गोदाला पोटाशी धरलं, पण मी ओटी भरायचं विचारल्यावर नकाराची मान हलवली. "नवस तोंडाचा होता. हातानं म्हणली ते धरायचं न्हाई." मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही. खण-नारळ घेतला, गोदाचा हात धरला आणि पुन्हा साऱ्या पायऱ्या चढले. ओटी भरताना देवीच्या नथीकडे पाहिलं आणि मीही बोट नाकाला लावलं. पुजाऱ्यांना काय वाटलं कोण जाणे. मागं वळून बघते तर सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. आमच्यामागून सगळ्या पायऱ्या चढून आल्या होत्या. म्हणाल्या, "हळद-कुंकू विसरलीस."

पुढचं सोपं नव्हतं, पण आनंदाचं होतं. नांदेडला मुक्या-बहिऱ्या मुलांची एक शाळा होती. तिथं हातानं आणि तोंडानं, दोन्हींनी शिकवत. ह्यांना पटायला वर्ष लागलं. एकदा गोदानं हातानं त्यांची नक्कल केली, पेपर वाचता वाचता लागणारी डुलकी. ते इतके हसले की दुसऱ्या दिवशी स्वतःच शाळेचा फॉर्म घेऊन आले. लातूरच्या बाईंना मी भीत भीत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की पोर बोलती झाली ना, मग झालं. सुट्टीत त्या शिकवत राहिल्या. गोदा पाच-सहा शब्द तोंडानंही म्हणते. आई हा त्यांत आहे. मला दोन्ही सारखेच गोड लागतात.

खानावळीतली मुलंही हात शिकली. आणखी भाकरी, भाजी तिखट, उद्या परीक्षा. परीक्षेच्या दिवशी रांगेनं येऊन गोदाकडून हातानं आशीर्वाद घ्यायची. घरी फोन लावला की हीच मुलं हो, ठीक, चालू आहे, एवढंच बोलायची. मग ताटावर बसून गोदाला हातानं सांगायची की आज पेपर वाईट गेला. सासूबाई तर शेवटच्या वर्षांत आखडलेल्या बोटांनी चहा मागायच्या, आणि गोदा मुद्दाम न समजल्यासारखं करायची. चहा कमी व्हायचा, भांडण जास्त.

आज गोदा नांदेडला त्याच शाळेत लहानग्यांना शिकवते. मी खिसे उसवले नाहीत. तो फ्रॉक तसाच जपून ठेवला आहे, सुपाऱ्यांसकट.

त्या पायऱ्यांवर काय घडलं, ते मी कुणाला पटवायला जात नाही. म्हातारी विडा कुटणारी एक बाई होती, नंतर दोनदा जाऊन मी तिला भेटून आले. पण एवढं मला कळतं की मी जोपर्यंत देवीला काय द्यायचं ते सांगत होते, तोपर्यंत माझे हात घट्ट मिटलेले होते. काहीच नको म्हणाले, आणि तिनं ते उघडून भरले. आता मी रोज दिवा लावते. तोंडानं काही म्हणत नाही. नाकाला बोट लावते, तिच्याकडे करते, आणि स्वयंपाकाला लागते.